पुतळ्यांना हार घातले, वस्तीच्या वह्या कुठे आहेत?

ब्रुकलिनच्या उटिका अव्हेन्यू स्टेशनवर आम्ही पाच जण उतरलो. दोघे मुंबईचे, एक नागपूरची, एक नांदेडचा, एक अकोल्याची. कोणी शिकायला आलेले, कोणी नोकरीला. १४ एप्रिलच्या कार्यक्रमात ओळख झाली आणि तिथेच ठरले की न्यूयॉर्कमध्ये स्वातंत्र्यदेवीचा पुतळा सगळेच बघतात, आपण वीक्सव्हिल बघू.

वीक्सव्हिल म्हणजे काय, हे आमच्यापैकी चौघांना महिन्याभरापूर्वी माहीत नव्हते. मार्टिन ल्यूथर किंग माहीत, माल्कम एक्स माहीत, ब्लॅक पँथर तर आपल्या दलित पँथरमुळे घरचेच. पण गुलामी संपल्यावर स्वतंत्र झालेल्या काळ्या माणसांनी स्वतः जमीन घेऊन, स्वतः शाळा काढून उभी केलेली एक अख्खी वस्ती या शहरात होती आणि तिची चार घरे आजही उभी आहेत, हे आम्हाला कोणी सांगितले नव्हते. आम्हीही शोधले नव्हते. आपल्याला नेते पाठ असतात, वस्त्या पाठ नसतात. हा लेख त्याबद्दलच आहे.

आधी जागा सांगतो. बर्गेन स्ट्रीटवर काचेची नवी इमारत आहे, तिच्यामागे मोकळे गवत आणि गवताच्या कडेला जुनी लाकडी घरे. नीट पाहिले की लक्षात येते, घरे आजच्या रस्त्याला तोंड करून नाहीत, तिरकी आहेत. ती हंटरफ्लाय रोड नावाच्या जुन्या वाटेला धरून बांधलेली होती. नंतर शहराने काटकोनातले रस्ते आखले, जुनी वाट पुसली गेली, घरे तशीच राहिली. आमची गाइड त्याच भागात वाढलेली एक कृष्णवर्णीय तरुणी होती. तिने पहिल्या पाच मिनिटांत स्पष्ट केले, ‘इथे रडायला येऊ नका. ही गुलामांची घरे नाहीत. घरमालकांची घरे आहेत.’

ते वाक्य आमच्यासाठी महत्त्वाचे होते. शोषितांचा इतिहास म्हटला की बघणाऱ्याला साखळदंड आणि चाबकाचे वळ हवे असतात. आपल्याकडेही तसेच. मडके आणि झाडू दाखवला की सवर्ण श्रोता हळहळतो, टाळ्या वाजवतो आणि घरी जातो. पण महारवाड्यातल्या माणसाने जमीन मागितली, शाळा काढली, छापखाना घातला असे सांगितले की त्याची हळहळ संपते आणि कपाळाला आठी पडते. दुःख दाखवणाऱ्या शोषिताला जागा मिळते, मालकी दाखवणाऱ्याला मिळत नाही. वीक्सव्हिल ही मालकीची गोष्ट आहे.

न्यूयॉर्क म्हणजे उत्तर, उत्तर म्हणजे गुलामी नसलेला भाग, असे आपण शाळेत ऐकतो. ते खोटे आहे. १७९० च्या जनगणनेत ब्रुकलिन ज्या किंग्ज काउंटीत येते, तिथल्या लोकसंख्येपैकी जवळपास एक तृतीयांश माणसे गुलाम होती. १७९९ चा कायदा झाला तोही हप्त्याहप्त्याने स्वातंत्र्य देणारा. ४ जुलै १७९९ नंतर जन्मलेल्या मुलीने २५ वर्षे आणि मुलाने २८ वर्षे मालकाची चाकरी करायची, मग मोकळीक. राज्यातली गुलामी कायद्याने पूर्ण संपायला ४ जुलै १८२७ उजाडला.

पण त्याआधीच सत्ताधाऱ्यांनी बंदोबस्त करून ठेवला होता. १८२१ च्या राज्यघटनेत गोऱ्या पुरुषांसाठी मालमत्तेची अट काढून टाकली गेली आणि काळ्या पुरुषांसाठी २५० डॉलरच्या मालमत्तेची अट घालण्यात आली. म्हणजे माणूस मोकळा, मत बंद. परिणाम काय झाला? १८२० च्या दशकात मॅनहॅटनमध्ये सुमारे साडेबारा हजार कृष्णवर्णीय राहत होते आणि त्यांच्यातले मतदार होते फक्त १६. ही अट रद्द करावी का, असे राज्यातल्या मतदारांना तीनदा विचारले गेले, १८४६, १८६० आणि १८६९ साली. तिन्ही वेळा बहुमताने नकार दिला. शेवटी १८७० मध्ये संघराज्याच्या घटनेतली पंधरावी दुरुस्ती आली, तेव्हा ती अट मोडली. बहुसंख्याकांच्या मनाच्या मोठेपणावर सोडले असते, तर काळ्यांना आणखी किती वाट पाहावी लागली असती याचा हिशेब करा.

हे ऐकताना आम्ही एकमेकांकडे पाहत होतो. २७ जानेवारी १९१९ रोजी साउथबरो समितीपुढे २७ वर्षांचा एक प्राध्यापक उभा राहिला तो याच प्रश्नावर. मताधिकार मालमत्तेला बांधाल तर ज्यांना मालमत्ता करूच दिली नाही ते कायमचे बाहेर राहतील, हा बाबासाहेबांचा मुद्दा होता. पुढे १९२८ मध्ये सायमन कमिशनपुढे त्यांनी प्रौढ मताधिकार मागितला. १९१३ ते १९१६ बाबासाहेब कोलंबियात शिकले, हार्लेमच्या शेजारी राहिले. ते वीक्सव्हिलला गेले होते असे आम्ही म्हणत नाही, आणि उद्या कोणी व्हॉट्सअॅपवर तसे लिहिले तर पुढे पाठवू नका. थोर माणसाला खोट्या किश्श्यांची गरज नसते. १९४६ मध्ये त्यांनी डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रांकडे जाणाऱ्या निग्रोंच्या निवेदनाच्या प्रती मागितल्या, हे मात्र कागदावर आहे. तेवढे पुरेसे आहे.

तर, मत हवे असेल तर जमीन हवी. १८३७ च्या मंदीत ब्रुकलिनमधल्या जमिनीचे भाव पडलेले होते. १८३८ मध्ये जेम्स वीक्स नावाच्या गोदी कामगाराने हेन्री थॉम्पसन या दुसऱ्या स्वतंत्र कृष्णवर्णीयाकडून जमीन घेतली. ही जमीन पूर्वी लेफर्ट्स घराण्याच्या मालमत्तेतली, आणि हे लेफर्ट्स स्वतः गुलाम बाळगणारे. म्हणजे ज्या मातीत काळ्यांकडून फुकट राबवून घेतले, तीच माती काळ्यांनी पैसे मोजून विकत घेतली. लक्षात घ्या, कोणी जमीनदार नव्हता, कोणी वकील नव्हता. जहाजावरचा माल चढवणारा-उतरवणारा माणूस होता. मुंबईच्या गोदीत ज्यांच्या आज्या-पणज्यांनी घाम गाळला, त्यांना जेम्स वीक्स कोण हे वेगळे समजावून सांगायला नको.

१८५० च्या दशकात या वस्तीत ५०० हून जास्त लोक राहत होते. त्यांनी काय उभे केले ते बघा. चर्च. कलर्ड स्कूल नंबर दोन. अनाथाश्रम. वृद्धाश्रम. १८६६ मध्ये इथून ‘फ्रीडमन्स टॉर्चलाइट’ हे पत्र निघाले. दक्षिणेत नुकत्याच मोकळ्या झालेल्या, अक्षर न शिकू दिलेल्या माणसांसाठी त्यात अक्षरओळखीचे धडे छापलेले असत. सुसान स्मिथ मॅकिनी ही न्यूयॉर्क राज्यातली पहिली कृष्णवर्णीय महिला डॉक्टर याच परिसराची. आणि जुलै १८६३ मध्ये सक्तीच्या सैन्यभरतीच्या निमित्ताने गोऱ्या जमावाने मॅनहॅटनमध्ये काळ्यांना रस्त्यात गाठून मारले, फिफ्थ अव्हेन्यूवरचा काळ्या मुलांचा अनाथाश्रम जाळला, तेव्हा जीव वाचवून पळालेली माणसे वीक्सव्हिलच्या आश्रयाला आली. वस्तीतले पुरुष हत्यारे घेऊन रात्रंदिवस पहाऱ्याला उभे राहिले. त्याच दंगलीत मारिचा लायन्स या मुलीच्या घरावर हल्ला झाला होता. पुढे ती वीक्सव्हिलच्या शाळेत शिक्षिका झाली आणि साहाय्यक मुख्याध्यापिका झाली. स्वतःची वस्ती असणे म्हणजे काय, ते त्या चार दिवसांनी सांगितले.

आमच्या तुकडीत एक भारतीय जोडपेही होते. आडनाव सांगण्याची गरज नाही. सगळे ऐकून झाल्यावर त्यातल्या गृहस्थांनी गाइडला अगदी प्रेमाने माहिती दिली की आमच्या देशात असे वेगळे राहण्याचे प्रकार कधी नव्हते, सगळे गाव एकत्रच राहते. आमची अकोल्याची साथी शांतपणे म्हणाली, ‘काका, तुमच्या गावात महारवाडा कोणत्या दिशेला आहे?’ काका गप्प झाले. सातासमुद्रापार आल्यावर ज्यांना जात आठवत नाही, त्यांना दिशा बरोबर आठवते.

पण खरा घाव आम्हाला पुढे बसला. गाइडने आमच्याकडे वळून सहज विचारले, ‘तुमच्या वस्त्यांचे असे दौरे कोण घेते?’

आम्ही पाचही जण गप्प.

चैत्यभूमी सांगता आली असती, दीक्षाभूमी, राजगृह सांगता आले असते. पण ती विचारत होती वस्तीबद्दल. ज्या माणसांचे चरित्र कोणी लिहिले नाही, त्यांनी चार-चार आण्यांची वर्गणी काढून जे उभे केले त्याबद्दल. तेव्हा आमच्यातला मुंबईचा एक साथी बोलला. त्याच्या वस्तीत समाजमंदिर होते. पत्र्याची पेटी होती, तिच्यात जुन्या वह्या. कोणी किती वर्गणी दिली, रात्रशाळेत कोण हजर, धम्मदीक्षेला नागपूरला कोण गेले, कोणाच्या मयतीला किती मदत दिली. वस्तीचे पुनर्वसन झाले, सात मजली इमारत आली, समाजमंदिराला तळमजल्यावर एक खोली मिळाली. त्या खोलीत पेटी मावेना. एकोणीस वर्षांच्या या साथीनेच ती डोक्यावर घेतली आणि रद्दीवाल्याकडे नेली. वजनावर पैसे आले, त्यात जयंतीच्या पताका घेतल्या. ‘माझ्या आजोबांची सही त्यात होती,’ तो म्हणाला, ‘आता त्यांच्या अक्षराचा एकही नमुना घरात नाही.’

त्याला दोष देऊन आम्ही मोकळे होणार नाही. आम्ही सगळ्यांनीच कधी ना कधी ती पेटी रद्दीत नेली आहे.

आता कोणी म्हणेल, हे श्रीमंत देशाचे चोचले आहेत. अमेरिकेत सरकार पैसे देते, संग्रहालये चालतात. म्हणून वीक्सव्हिल कसे वाचले तेही ऐका.

ते आपोआप वाचले नाही. १८८३ मध्ये ब्रुकलिन ब्रिज झाला, रस्ते आले, जमिनीचे भाव चढले, वस्ती शहरात विरघळली. विसाव्या शतकाच्या मध्यावर वीक्सव्हिल हे नावसुद्धा लोक विसरले होते. १९६८ मध्ये जेम्स हर्ली हे इतिहासाचे अभ्यासक आणि जोसेफ हेन्स हे वैमानिक छोट्या विमानातून त्या भागावर फिरले, तेव्हा वरून त्यांना आखीव रस्त्यांमध्ये न बसणारी एक तिरकी गल्ली आणि तिच्या कडेची घरे दिसली. शेजारचा भाग नूतनीकरणाच्या नावाखाली पाडला जात होता. बुलडोझरच्या पुढे पुढे उत्खनन झाले. खोदणारे कोण? विद्यापीठातले थोडे, बाकी मोहल्ल्यातले रहिवासी आणि पोरे. त्या मातीत एका अनोळखी काळ्या स्त्रीचा पत्र्यावर घेतलेला जुना फोटो सापडला. तिचे नाव आजही कोणाला माहीत नाही. तरी तीच वीक्सव्हिलचा चेहरा झाली.

१९७० मध्ये ही घरे संरक्षित वास्तू ठरवावीत म्हणून शहराच्या आयोगापुढे सुनावणी झाली. तिथे साक्ष द्यायला जवळच्या प्राथमिक शाळेची मुले गेली होती. मुलांनी पैसेही जमवले. जोन मेनार्ड या बाईंनी कित्येक वर्षे या कामाला वाहून घेतले. घरे लोकांसाठी नीट दुरुस्त होऊन खुली व्हायला २००५ उजाडले, म्हणजे सापडल्यापासून ३७ वर्षे. २०१९ मध्ये पैशाअभावी केंद्र बंद पडायची वेळ आली. त्यांनी लोकांकडे दोन लाख डॉलर मागितले, हजारो लोकांनी छोट्या-छोट्या रकमा दिल्या, मागितले त्यापेक्षा जास्त जमले. त्यानंतर कुठे शहराने त्यांना नियमित अनुदान मिळणाऱ्या संस्थांच्या यादीत घेतले. सरकार शेवटी आले. आधी वर्गणी आली.

आणि वर्गणीत आपण कोणाला हार जाणार? अख्खी आंबेडकरी चळवळ वर्गणीवर उभी राहिली. प्रश्न पैशाचा नाही, पैसा कुठे लावायचा याचा आहे.

दुसरा आक्षेप आमच्यातल्याच काही कार्यकर्त्यांचा असतो. आधी जमीन घ्या, सातबारा हातात असला की सगळे वाचते, वह्या-फोटो नंतर बघू. जमिनीची लढाई पहिली, यात वादच नाही. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४-६५ मध्ये भूमिहीनांचा सत्याग्रह उभा केला तो उगीच नाही. पण नुसता कागद पुरत नाही, याचा पुरावा याच न्यूयॉर्कमध्ये आहे. मॅनहॅटनमध्ये सेनेका व्हिलेज नावाची अशीच वस्ती होती. १८२५ पासून काळ्या माणसांनी तिथे जमिनी घेतल्या, चर्च बांधली, शाळा काढली. दोनशेच्या वर माणसे राहत होती, त्यातले सुमारे दोन तृतीयांश कृष्णवर्णीय. शहराला सेंट्रल पार्क हवा होता. वर्तमानपत्रांनी आधी त्या घरमालकांना झोपड्यांतले उपरे ठरवून टाकले, मग सक्तीने भूसंपादन झाले आणि १८५७ पर्यंत वस्ती साफ. मालकांना मोबदला मिळाला, भाडेकरूंना तोही नाही. आज तिथे गवतावर लोक पहुडतात. वस्तीच्या नावाची पाटी लागायला २००१ साल यावे लागले.

म्हणजे जमीन असूनही सेनेका व्हिलेज गेले. वस्ती पाडायच्या आधी तिची बदनामी करावी लागते, आणि बदनामी चालते कारण वस्तीची स्वतःची नोंद बाहेरच्यांपर्यंत पोचलेली नसते. आपल्याकडे वेगळे काय घडते? महार वतने १९५८ च्या कायद्याने खालसा झाली, जमिनी नव्या शर्तीने परत मिळाल्या. त्यातल्या किती आज आपल्या नावावर आहेत, हे आपापल्या गावात जाऊन विचारा. आणि २५ जून २०१६ ची पहाट आठवा. दादरचे आंबेडकर भवन पाडले गेले, ज्या वास्तूत बाबासाहेबांचा बुद्धभूषण छापखाना होता. आपण चिडलो, प्रचंड मोर्चा काढला, आणि बरोबर केले. पण इमानदारीने सांगा, २४ जूनच्या संध्याकाळी आपल्यातल्या किती तरुणांना माहीत होते की त्या भिंतींच्या आत काय आहे? जे आपल्यालाच माहीत नसते ते पाडायला पहाटेचे दोन तास पुरतात.

तिसरी गोष्ट सांगितली नाही तर आम्ही गाइडशी बेइमानी करू. निघताना ती म्हणाली, ‘घरे वाचली, आता आजूबाजूची माणसे जात आहेत.’ मध्य ब्रुकलिनमध्ये भाडी इतकी वाढली आहेत की पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली काळी कुटुंबे बाहेर पडत आहेत. उद्या चार घरे नीट रंगवलेली राहतील आणि ज्यांच्या पूर्वजांची ती आहेत ते भाडे परवडत नाही म्हणून दुसरीकडे असतील. माणसांशिवाय वारसा म्हणजे नुसते लाकूड. म्हणून आम्ही असे म्हणत नाही की सरकारकडे प्रत्येक वस्तीसाठी संग्रहालय मागा. तसे झाले तर सरकार खुशीने एक कमान, एक कारंजे आणि एक कोनशिला देईल, आणि मागच्या बाजूने वस्ती बिल्डरला देईल. पुतळा बसवताना मंत्री येतात. वस्तीचा हक्काचा कागद मागताना शिपाईसुद्धा भेटत नाही. हा फरक ओळखा.

पुतळ्यांना आमचा विरोध नाही. ज्यांना गावाच्या चौकात उभे राहू दिले नाही त्यांचा बाप चौकात उभा आहे, याची किंमत आम्हाला कळते. पण पुतळा सगळीकडे एकच असतो, वस्ती प्रत्येक वेगळी असते. पुतळ्याखाली बाबासाहेबांचे नाव आहे. रात्रशाळेला रॉकेल देणाऱ्या बाईचे नाव कुठे आहे? तिचे नाव त्या वहीत होते.

कार्यकर्त्यांनो, येत्या जयंतीच्या आधी एक काम करा. डीजेच्या बैठकीत पहिला विषय हा घ्या की आपल्या वस्तीच्या पेट्या, वह्या, पावत्या, हँडबिले, लग्नातले-मोर्चातले फोटो कोणाच्या घरी आहेत. ते मागून आणा, मोबाइलवर एकेक पान उतरवा, तीन वेगवेगळ्या घरी प्रती ठेवा, मूळ परत द्या. ऐंशीच्या पुढच्या आज्या जिवंत आहेत तोवर त्यांना बोलते करा आणि नुसते बाबासाहेबांना पाहिले का एवढेच विचारू नका; नळ कधी आला, शाळा कोणी काढली, मारहाण झाली तेव्हा कोण उभे राहिले ते विचारा. समाजमंदिराची, विहाराची, ट्रस्टची नोंदणी धर्मादाय आयुक्तांकडे कोणाच्या नावावर आहे आणि शेवटचा बदल अर्ज कधी झाला ते तपासा. मालमत्ता पत्रक, सातबारा काढून बघा. आणि १४ एप्रिलला सकाळी, मिरवणुकीच्या आधी, वस्तीतल्या पोरांना वस्तीतूनच फिरवा. सातवीतली मुलगी गाइड होऊ द्या. तिने थांबून सांगावे, इथे विहीर होती, इथे आपल्याला पाणी भरू देत नव्हते, मग इथे आपण आपली खोदली.

ब्रुकलिनमध्ये शाळकरी मुलांनी आयोगापुढे साक्ष दिली म्हणून चार घरे उभी आहेत. आपल्या मुलांना उद्या कोणी विचारले की तुमची वस्ती इथे होती याचा पुरावा काय, तर त्यांच्या हातात आपण काय देणार आहोत?

आमच्या त्या मुंबईच्या साथीने परत आल्यावर वस्तीतल्या एका म्हाताऱ्या काकांना फोन केला. त्यांच्या पलंगाखाली १९७२ नंतरच्या दोन वह्या निघाल्या. एकीला वाळवी लागली आहे, दुसरी शाबूत आहे. तिच्या फोटो-प्रती आम्हा पाचही जणांकडे आहेत. सुरुवात झाली.

जय भीम!